जीवशास्त्राचे गुण नेमके कशाचे?

प्रश्न साधा आहे. बटाट्याची पट्टी मिठाच्या संहत द्रावणात अर्धा तास ठेवली तर मऊ पडते. कारण स्पष्ट करा. गुण ४. समोर तीन उत्तरं आहेत. पहिलं एका ओळीचं: ‘परासरणामुळे पट्टीतलं पाणी बाहेर गेलं.’ दुसरं सात ओळींचं. त्यात परासरणाची व्याख्या बिनचूक, ‘निवडक्षम पारपटल’, ‘अतिपरासारी द्रावण’, ‘बहिःपरासरण’ सगळं जागच्या जागी, आणि शेवटी ‘म्हणून पट्टी मऊ पडते’. तिसऱ्यात एकही पारिभाषिक शब्द नाही: ‘बाहेर मीठ जास्त, म्हणजे तिथे पाण्याचं प्रमाण पेशीतल्यापेक्षा कमी. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही. म्हणून पाणी बाहेर पडतं. आतलं पाणी भिंतीला दाबून धरत होतं, तो दाब गेला की पट्टी वाकते.’

भराभर तपासताना दुसऱ्याला पूर्ण चार, तिसऱ्याला दोन किंवा अडीच, पहिल्याला एक, असे गुण पडतात. पण प्रश्न ‘मऊ का पडते’ असा आहे, आणि दुसऱ्या उत्तराने नेमकं तेच सांगितलेलं नाही. पाणी बाहेर जाणं आणि पट्टी मऊ पडणं यांच्यामधली पायरी, म्हणजे पेशीभित्तिकेवरचा दाब कमी होणं, तिथे ‘म्हणून’ या एका शब्दाखाली झाकली गेली आहे. जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने ‘म्हणून’ दिसला की थांबायची सवय लावून घ्यावी. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय आहे, ते आधी बघावं.

हा सापळा जीवशास्त्रात जास्त खोल आहे. भौतिकशास्त्रात उदाहरण सोडवलं की आकलनाची निदान एक चाचणी होते. जीवशास्त्रात शेकडो नावं आहेत आणि नावं येणं हेच विषय येण्यासारखं दिसतं. नावं बिनमहत्त्वाची आहेत, असं मुळीच नाही. पर्णरंध्र, तंतुकणिका, विकर हे शब्द नसतील तर पुढचं बोलणंच अडतं. म्हणून नावांचे गुण वेगळे, थोडे आणि जाहीर असावेत. बाकीचे गुण कार्यकारणाच्या कड्यांना असावेत.

वरच्या प्रश्नाची गुणदान योजना मी अशी करेन. पेशीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या प्रमाणात फरक आहे, हे सांगितलं की १. मध्ये असा पडदा आहे ज्यातून पाणी जातं पण विरघळलेलं मीठ तसं जात नाही, १. पाणी आतून बाहेर जातं, १. त्यामुळे भिंतीवरचा आतला दाब घटतो म्हणून ताठरपणा जातो, १. ‘परासरण’ हा नुसता शब्द दुसऱ्या कडीच्या जागी चालणार नाही. पडद्याचा उल्लेख सोबत हवा. या योजनेने पहिल्याला १, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ४ मिळतात. ज्या परीक्षेत पारिभाषिक शब्दही तपासायचा आहे तिथे त्याचा पाचवा गुण प्रश्नातच सांगावा: ‘या क्रियेचं नाव लिहा आणि कारण स्पष्ट करा.’ न विचारलेल्या गोष्टीचा गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं.

कड्या ठरल्या तरी काम संपत नाही. प्रत्येक कडीखाली तीन खाती लागतात: काय चालेल, कशाकडे काणाडोळा करायचा आणि काय चालणार नाही. ‘मीठ पाणी ओढून घेतं’ हे ढोबळ वाक्य आहे. बाकीची साखळी नीट असेल तर त्याकडे काणाडोळा. ‘मीठ पेशीत शिरतं म्हणून पाणी बाहेर ढकललं जातं’ हे चालणार नाही, दुसऱ्या कडीचा गुण गेला. ही खाती आधी लिहिलेली नसतील तर सकाळच्या गठ्ठ्यात चाललेलं वाक्य संध्याकाळच्या गठ्ठ्यात चालत नाही.

दोन नियम आणखी. दोन कारणं विचारली आणि विद्यार्थ्याने पाच लिहिली, तर पहिली दोनच तपासायची. नाहीतर आठवेल ते सगळं ओतणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि विचार करून दोनच लिहिणारा मागे पडतो. दुसरा नियम विसंगतीचा. ‘वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात, पण दिवसा श्वसन बंद असतं’ अशा वाक्यात बरोबर अर्ध्याचा गुण देता येत नाही. त्याच मुद्द्यावर चूक विधान आलं की बरोबर विधान रद्द होतं. मात्र ते दुसऱ्या मुद्द्याचा गुण खात नाही.

शुद्धलेखनाचा प्रश्न नेहमी निघतो. शब्द ओळखू येत असेल आणि दुसऱ्या संज्ञेशी गोंधळ होत नसेल तर गुण द्यावा. ‘हरीतलवक’ दीर्घ लिहिलं म्हणून काही बिघडत नाही. पण केंद्रकाच्या जागी ‘केंद्रकी’ लिहिलं तर तो वेगळा भाग झाला, आणि सूत्री विभाजनाच्या जागी ‘अर्धसूत्री’ आलं तर प्रक्रियाच बदलली. तिथे सवलत नाही. ‘उष्णतेने विकरं मरतात’ हेही असंच. विकर हे प्रथिन आहे, जिवंत नाही. त्याचा आकार बिघडतो आणि ज्या पदार्थावर ते काम करतं तो पदार्थ त्याच्यात बसत नाही. ‘मरतात’ला माध्यमिक स्तरावर गुण देऊ नये.

आता मोठी उत्तरं. सहा गुणांच्या उत्तराला सहा मुद्दे मोजून गुण देणं सोपं असतं, आणि तिथेच गडबड होते. व्यायाम करताना हृदयाचे ठोके आणि श्वासोच्छ्वास दोन्ही का वाढतात, हा प्रश्न घ्या. मुद्दे मोजले तर ‘घाम येतो, ऑक्सिजन जास्त लागतो, ठोके वाढतात, रक्त जोरात वाहतं, स्नायू काम करतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो’ या सहा सुट्या वाक्यांना सहा गुण द्यावे लागतील. १९८२ मध्ये जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस यांनी उत्तरांच्या रचनेवरून आकलनाच्या पायऱ्या मांडल्या: मुद्दाच न सापडणं, एक मुद्दा, अनेक सुटे मुद्दे, एकमेकांत गुंफलेले मुद्दे, आणि त्यापुढे नव्या संदर्भात नेलेला विचार. तिसरी आणि चौथी पायरी यांच्यातली रेघ जीवशास्त्राच्या श्रेणींसाठी सगळ्यात कामाची आहे, असं माझं ठाम मत आहे. मुद्द्यांची संख्या दोन्हीकडे सारखी असू शकते.

त्या धर्तीवर स्तर असे लिहिता येतील. १ ते २ गुण: खरी पण सुटी विधानं. ३ ते ४ गुण: निदान एक साखळी पूर्ण, म्हणजे स्नायूंना जास्त ऊर्जा हवी, त्यासाठी पेशींत श्वसनाचा वेग वाढतो, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, तो पोचवायला रक्त वेगाने फिरावं लागतं. ५ ते ६ गुण: दोन साखळ्या आणि त्यांची सांगड. श्वसन वाढल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने रक्ताची आम्लता किंचित वाढते, मेंदूतलं केंद्र त्याची दखल घेऊन श्वासोच्छ्वास वाढवतं. आणि फुप्फुसात जास्त हवा येऊनही रक्त तितक्या वेगाने फिरलं नाही तर उपयोग नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः जोडलेलं असतं. आधी स्तर ठरवायचा, मग त्या स्तरातला वरचा की खालचा गुण हे पाहायचं. उलट केलं, म्हणजे मुद्दे मोजून बेरजेवरून स्तर शोधला, की स्तर असून नसल्यासारखे होतात.

या वर्णनांत ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘बऱ्यापैकी’ असले शब्द येऊ देऊ नयेत. ‘विद्यार्थ्याला संकल्पनेचं चांगलं आकलन आहे’ हे वाक्य निकषतक्त्यात शोभून दिसतं, पण त्यावरून दोन तपासनीस एका गुणावर येत नाहीत. ‘ऊर्जेची गरज ते रक्ताचा वेग ही साखळी खंड न पडता लिहिली आहे’ यावर येतात.

काही चुका अशा आहेत की त्या आल्या तर उत्तराला वरचा स्तर मिळूच नये. ‘औषधाची सवय झाल्यावर जीवाणूंनी स्वतःत बदल करून घेतला’ हे त्यातलं ठळक उदाहरण. जीवाणूंमध्ये आधीपासून फरक असतात, काहींत औषधाला तोंड देण्याची क्षमता उत्परिवर्तनाने आलेली असते, औषधाने बाकीचे मरतात, उरलेल्यांची संख्या वाढते. यात गरज आधी आणि बदल नंतर असा क्रम नाही. विद्यार्थ्याने क्रम उलटा लावला असेल तर बाकी तपशील कितीही अचूक असोत, मधल्या स्तराच्या वर जायचं नाही, हे योजनेत स्पष्ट लिहावं. हे कडक वाटेल. पण उत्क्रांतीच्या धड्यातून एकच गोष्ट शिकायची असेल तर ती हा क्रमच आहे, आणि तिला आकृतीतल्या नावाइतकंच वजन देणं मला पटत नाही.

आकृत्यांकडे येऊ. इथे सर्वांत जास्त गुण चुकीच्या गोष्टीला जातात: सुबकपणाला. आधी ठरवावं लागतं की आकृती पाठ केलेली हवी की पाहिलेली. हृदयाची आकृती पाठाची. तिथे चार कप्पे, डाव्या निलयाची जाड भिंत, रक्तवाहिन्यांची योग्य कप्प्यांशी जोडणी, पडदे, असे भाग तपासायचे. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती सूक्ष्मदर्शकातून पाहून काढायची असते, तेव्हा निकष बदलतो. कांद्याच्या पेशीत हिरवी हरितलवकं काढलेली दिसली की आकृती पुस्तकातून उतरली, हे लगेच कळतं. त्या पापुद्र्यात ती नसतात. केंद्रक बरोब्बर मध्यभागी असेल तरी शंका घ्यावी, कारण मोठ्या रिक्तिकेमुळे, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीमुळे, ते बहुधा कडेला सरकलेलं असतं. पेशीभित्तिका एकाच रेघेची असेल तर जाडीकडे लक्ष गेलेलं नाही.

पाच गुणांची वाटणी अशी चालते. अखंड, बारीक, छायांकन नसलेल्या रेषांना १. दिलेल्या जागेच्या निम्म्याहून मोठी आकृती आणि भागांची परस्परप्रमाणं यांना १. प्रत्यक्ष दिसलेल्या रचनेला २. चारांपैकी निदान तीन नावं बरोबर असतील तर १. नावांच्या रेघा पट्टीने काढलेल्या, त्या भागाला टेकलेल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, बाणाचं टोक नसलेल्या. रंग भरल्याचा गुण नाही, सूक्ष्मदर्शकाचं गोल क्षेत्र काढल्याचाही नाही. रेघ रिक्तिकेत थांबली आणि नाव ‘पेशीद्रव्य’ लिहिलं, तर त्या नावाचा विचार करायचा नाही. ‘त्याला तेच म्हणायचं होतं’ असं मनाने धरायचं नाही.

विशालनाच्या, म्हणजे आकृती खऱ्या आकाराच्या किती पट आहे त्याच्या, गणितात एकक चुकतं. आकृतीतली पेशी ६० मिलिमीटर लांब, खरी लांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे विशालन २०० पट. आकृती सेंटिमीटरमध्ये मोजून ६ भागिले ०.३ केलं की उत्तर २० येतं. दोन गुणांपैकी पद्धतीचा एक द्यावा, उत्तराचा नाही. आणि २०० च्या पुढे ‘मिलिमीटर’ लिहिलं असेल तर उत्तराचा गुण कापावा, कारण विशालनाला एकक नसतं आणि ते का नसतं हे कळणं त्या गणिताचाच भाग आहे.

आनुवंशिकतेच्या चौकटीत मागची चूक पुढे नेण्याचा नियम लागतो. दोन संकरित उंच वाटाण्यांचा संकर: पालकांची जनुकीय मांडणी १, युग्मकं (म्हणजे प्रजननपेशी) १, त्यांच्या जोड्यांची चौकट १, गुणोत्तर १. युग्मकं चुकली पण पुढची चौकट त्याच चुकीच्या युग्मकांवरून नीट भरली, तर चौकटीचा गुण द्यायचा. एकाच चुकीची शिक्षा दोनदा नको. याला एक अपवाद ठेवावा. चुकीमुळे पुढचं काम सोपं झालं असेल, उदाहरणार्थ दोन्ही पालक शुद्ध उंच धरल्याने सगळी संतती सारखीच आली, तर गुणोत्तराचा गुण नाही, कारण गुणोत्तर काढावंच लागलेलं नाही. ‘प्रत्येक चार रोपांत तीन उंच असतातच’ हेही चालणार नाही. ग्रेगर मेंडेल यांच्या १८६६ साली छापून आलेल्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या बियांची मोजणी ५४७४ आणि १८५० अशी आहे, म्हणजे २.९६ ला १. सात हजारांहून जास्त बियांतही नेमके तीनास एक आलेले नाहीत.

प्रयोगवहीच्या बाबतीत हेच अंगावर येतं. पट्टीचं सुरुवातीचं वस्तुमान २.५० ग्रॅम, नंतरचं २.१५ ग्रॅम, बदल उणे ०.३५ ग्रॅम, म्हणजे उणे १४ टक्के. नेहमीच्या चुका तीन. नंतरच्या वस्तुमानाने भागल्याने १६.३ टक्के येणं, उणे चिन्ह गळणं, आणि वजन करण्याआधी पट्टी टिपकागदावर न टिपल्याने वरच्या पाण्याचं वजन मोजलं जाणं. पहिल्या दोन गणिताच्या आहेत, तिसरी कृतीची. गुण वेगळ्या रकान्यात कापायचे. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न निष्कर्षाचा. एखाद्याच्या पट्टीचं वस्तुमान अपेक्षेविरुद्ध वाढलं आणि त्याने तेच लिहून ‘पट्टी टिपायची राहिली असावी किंवा द्रावण पुरेसं संहत नसावं’ असं कारण दिलं, तर निष्कर्षाचे पूर्ण गुण द्यायला हवेत. पुस्तकातल्या उत्तराशी जुळतो त्यालाच गुण, असं ठरलं की वर्गातल्या सगळ्यांची निरीक्षणं सारखी यायला लागतात. हे विद्यार्थी खोटेपणा शिकले म्हणून होत नाही. निकषानेच त्यांना तसं सांगितलेलं असतं.

पानातल्या स्टार्चच्या चाचणीत क्रमाला कारणासह गुण द्यावेत. रोप आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवणं, म्हणजे पानातला जुना स्टार्च संपतो. पान उकळत्या पाण्यात बुडवणं, म्हणजे पेशींतल्या क्रिया थांबतात आणि पडदे सैल होतात. मग जलतापीवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये, त्याने हरितद्रव्य निघतं. अल्कोहोल पेट घेतं म्हणून थेट ज्योतीवर नाही. मग कोमट पाण्यात, कारण पान कडक झालेलं असतं. शेवटी आयोडीन. अल्कोहोलची पायरी गाळून ‘पान निळसर काळं झालं’ लिहिणाऱ्याला निरीक्षणाचा गुण द्यावा का? माझं उत्तर नाही. हिरव्या पानावर तो रंग नीट दिसला नसता. म्हणजे निरीक्षण डोळ्याने केलेलं नाही.

योजना कितीही चांगली असली तरी तपासणारी माणसंच असतात. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्येच परीक्षेतल्या गुणांत योगायोगाचा वाटा किती असतो, हे संख्याशास्त्राने मांडलं होतं. १९१२-१३ मध्ये अमेरिकेत डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीच्या, होय, भूमितीच्या, एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी तिसाच्या खालचे आणि नव्वदच्या वरचे असे दोन्ही गुण मिळाले होते.

यावरचे उपाय कंटाळवाणे आहेत आणि म्हणूनच टाळले जातात. गठ्ठ्यातून वेगवेगळ्या दर्जाच्या दहा उत्तरपत्रिका काढून दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासायच्या. जिथे एकापेक्षा जास्त गुणांचा फरक येतो तिथे मध्य काढून मोकळं व्हायचं नाही. योजनेतली कुठली ओळ दोघांनी वेगळी वाचली ते शोधून ती ओळ बदलायची. नावं झाकायची. एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका सलग तपासण्यापेक्षा सगळ्यांचा प्रश्न क्रमांक ३ आधी तपासायचा, कारण पहिलं उत्तर सुरेख असलं की दुसऱ्यातली उणीव डोळ्याआड होते. शेवटची उत्तरपत्रिका झाली की पहिल्या पाच पुन्हा काढायच्या. तपासणारा दिवसभरात सैल होतो किंवा कडक होतो. जसाच्या तसा राहत नाही.

श्रेणींच्या सीमारेषांबद्दल थोडंच. ७५ टक्क्यांना पहिली श्रेणी असं कायमचं ठरवलं आणि या वेळची प्रश्नपत्रिका अवघड निघाली, तर श्रेणी प्रश्नपत्रिकेची लागते. वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांना पहिली श्रेणी म्हटलं, तर ती वर्गाची लागते. रॉबर्ट ग्लेझर यांनी १९६३ मध्ये हा फरक स्पष्ट मांडला: इतरांच्या तुलनेत मोजणं वेगळं आणि ठरलेल्या निकषाशी ताडून मोजणं वेगळं. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी १९७१ ची पद्धत शाळेतही जमण्यासारखी आहे. सीमेवरचे, जेमतेम त्या श्रेणीत बसणारे शंभर विद्यार्थी डोळ्यांसमोर आणायचे आणि त्यातल्या किती जणांना हा एका गुणाचा प्रश्न जमेल, याचा अंदाज प्रत्येक शिक्षकाने स्वतंत्र लिहायचा. ९० जणांना जमेल तर ०.९, ४० जणांना तर ०.४. सगळ्या प्रश्नांची बेरीज म्हणजे सीमारेषा. अंदाज चुकतात, पण ‘७५ का’ या प्रश्नाला निदान उत्तर असतं.

त्या श्रेणीत वही वेळेवर न दिल्याचं शून्य मिसळू नये. चार चाचण्यांत ८० आणि एका न दिलेल्या वहीचं ०, सरासरी ६४. हा ६४ चा आकडा परासरण किती कळलं ते सांगत नाही, शिस्तीबद्दलही धड काही सांगत नाही. शिस्तीची नोंद वेगळ्या रकान्यात करता येते.

शेऱ्यांचं काय? रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं काम आणि रस दोन्ही वाढले. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. प्रत्येक परीक्षेत गुण लपवता येणार नाहीत, पण सरावाच्या उत्तरांवर गुण दोन दिवस उशिरा सांगता येतात. तोवर उत्तरपत्रिकेवर फक्त शेरा असावा, आणि तो ‘आणखी स्पष्ट लिहा’ असा नसावा. ‘पाणी बाहेर गेल्यावर भिंतीवरच्या दाबाचं काय होतं, ते वाक्य राहिलं, ते लिहून परत दे’ असा असावा. परत आलेलं वाक्य तपासायला प्रत्येकी अर्धं मिनिट लागतं.

आणि गठ्ठ्याच्या मध्यावर एखादं असं उत्तर निघतंच जे योजनेत नाही पण बरोबर आहे: पट्टीच्या ताठरपणाऐवजी पेशीद्रव्य आकसून भिंतीपासून सुटतं, हे नीट सांगणारं, उदाहरणार्थ. त्याला गुण देऊन पुढे जाणं पुरेसं नाही. ‘चालेल’च्या खात्यात ते लिहायचं, तारीख टाकायची आणि आधी तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांत तो एक प्रश्न पुन्हा पाहायचा, सगळ्यांत.